दारू सुटल्यावर संध्याकाळचं काय?

साडेतीनची शिफ्ट सुटते. चाकण-तळवड्याकडून आलेली कंपनीची बस जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला देहूरोडपाशी थांबते आणि आठ-दहा जण उतरतात. खांद्याला डब्याची पिशवी, कपड्यांना कूलंटचा वास, कानात अजून प्रेसचा आवाज. त्यातल्या एकाचं घर थांब्यापासून दहा मिनिटांवर आहे. तो घरी पोचतो कधी सातला, कधी नऊला. मधल्या वेळात काय होतं हे त्याच्या बायकोला माहीत असतं, शेजाऱ्यांना माहीत असतं, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

या मधल्या वेळाला आपल्याकडे एक साधा शब्द आहे: बसणं. ‘बसायचं का?’ एवढं विचारलं की पुढचं सांगावं लागत नाही. मला हा शब्द महत्त्वाचा वाटतो, कारण आजाराचं अर्धं निदान त्यातच आहे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या तिघा-चौघांबरोबर, चकणा समोर घेऊन माणूस बसतो. सुपरवायझर कसा वागला, ओटी कुणाला मिळाला, कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, सगळं तिथे बोललं जातं. दारू सुटते तेव्हा ग्लास जातो आणि त्याच्याबरोबर ही बैठकही जाते. ग्लासाबद्दल सगळे बोलतात. बैठकीच्या जागी काय आणायचं, यावर जवळजवळ कुणीच बोलत नाही. सोडलेली माणसं पुन्हा त्याच वाटेला का लागतात, याचं मोठं कारण मला इथे दिसतं.

पण संध्याकाळचा प्रश्न यायच्या आधी शरीराचा येतो आणि तिथली चूक जिवावर बेतू शकते, म्हणून ते आधी सांगतो.

एका क्वार्टरमध्ये १८० मिलिलिटर दारू असते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमची तीव्रता बहुधा ४२.८ टक्के. म्हणजे एका क्वार्टरमधून साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. यकृत तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोलचा निपटारा करतं. लिंबूपाण्याने, थंड पाण्याच्या अंघोळीने किंवा कडक कॉफीने हा वेग वाढत नाही. रात्री दहाला क्वार्टर संपवलेला माणूस सकाळी सहाच्या बसमध्ये चढतो तेव्हा त्याचं शरीर कालची दारू जेमतेम संपवत आलेलं असतं. क्वार्टर दीड झाली असेल, तर तो प्रेससमोर उभा राहतो तेव्हा दारू अजून त्याच्या रक्तात असते. हात मशीनमध्ये घालणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट बोटांच्या किमतीची आहे.

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूशी जुळवून घेतो. दारू मेंदूतला शांत करणारा कारभार वाढवते, म्हणून मेंदू उत्तेजित करणारा कारभार वाढवून तोल सांभाळतो. सतत ब्रेक दाबलेली गाडी पुढे न्यायची तर ॲक्सिलरेटरही दाबून धरावा लागतो, तसंच हे. एक दिवस दारू एकदम बंद होते. ब्रेक सुटतो, ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहतो. सहा तासांपासून दिवसभरात हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात, झोप उडते. सकाळी ‘उतारा’ घेतला की ही थरथर थांबते, आणि म्हणूनच तो घेतला जातो. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं हाका मारतात, वेळ-काळाचं भान सुटतं, ताप चढतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही लागलं. तो दारू अचानक थांबल्याचा परिणाम असतो आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. दवाखान्यात झटक्यांवरची औषधं कमी-कमी करत दिली, बी-वन जीवनसत्त्व दिलं, पाणी-क्षार सांभाळले की बहुतेक जण आठवड्याभरात यातून बाहेर येतात. तेव्हा रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून ‘बघू कशी सुटत नाही’ म्हणणाऱ्या घरांना हात जोडून सांगणं आहे: आधी डॉक्टर.

दुसरी चूक चहातल्या पुडीची. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती रिक्षांच्या मागे आणि विजेच्या खांबांवर दिसतात. दारू नकोशी करणारं खरं औषध आहे, त्याचं नाव डायसल्फिराम. त्याची गोष्ट कारखान्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ऐकावी अशी आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या एका रबर कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलं, की रबर पक्कं करायच्या एका रसायनावर काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसेनाशी झाली आहे. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोन संशोधक त्याच कुळातलं डायसल्फिराम जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. गोळी त्यांनी स्वतः घेऊन पाहिली, त्यावर थोडी दारू पोटात गेली आणि दोघेही आजारी पडले. १९४८ पासून ते व्यसनावरचं औषध म्हणून पुढे आलं. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग ते पुढे विघटित होतं. ही गोळी ते पुढचं काम अडवते. विष साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी घेतलीय हे माहीत असलेला माणूस त्या भीतीने दारूला हात लावत नाही. ज्याला माहीतच नाही, तो नेहमीप्रमाणे पितो आणि अत्यवस्थ होतो. बायकोने काळजीपोटी चहात टाकलेली पुडी नवऱ्याचा जीव घेऊ शकते. त्याहून हळू, पण तितकंच खरं नुकसान विश्वासाचं होतं.

आता संध्याकाळकडे वळू.

डोपामाइन म्हणजे मेंदूतलं आनंदाचं रसायन, असं आपण ऐकतो. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. माकडाला गोड रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जाग्या व्हायच्या. मग रसाच्या आधी दिवा लागू लागला. काही दिवसांनी त्या पेशी रसाला नव्हे, दिव्याला जाग्या होऊ लागल्या. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षा मंदावायच्या. देहूरोडच्या आपल्या कामगाराचा दिवा म्हणजे बसचा थांबा, भज्यांच्या गाडीचा वास, सात तारखेला मोबाइलवर येणारा पगाराचा मेसेज. दारू अजून कुठेच नाही, पण मेंदूने मागणी नोंदवलेली असते. हे तो ठरवून करत नाही. म्हणून त्याला ‘मनावर ताबा नाही का तुझा’ असं विचारण्यात फारसा अर्थ नसतो. मन बसमधून उतरायच्या आत मेंदू उतरलेला असतो.

दिवाच बदलला तर काय होतं, हे एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉइनचा सुळसुळाट झाला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिकडे व्यसनात अडकलेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के लोकांना परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा व्यसन लागलं. कारणं अनेक असतील, पण एक उघड होतं: ते जंगल, ती छावणी, तो पुरवठा, ते सोबती मागे राहिले होते. आपल्या माणसाचं तसं होत नाही. तो दवाखान्यातून बाहेर पडतो आणि त्याच घरी, त्याच शिफ्टला, त्याच बसला, त्याच थांब्यावर परत येतो.

गाव बदलता येत नाही. वेळ बदलता येते. तिथे नवं काही रुजायला किती दिवस लागतात? २१ दिवसांत सवय लागते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ते मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरलं आणि सवयींचं मोजमाप करून कुणी काढलेला तो आकडा नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर प्रत्यक्ष पाहिलं, तेव्हा जेवणाबरोबर फळ खाणं, रोज थोडं पळणं अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. त्यात एक दिलासा देणारी गोष्टही निघाली: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून झालेलं काम वाया जात नव्हतं. महिनाभर सोडून तगमग थांबली नाही म्हणून खचणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. दारूची सवय फळ खाण्याहून कितीतरी चिवट आहे.

देहूरोडच्या मातीत संध्याकाळच्या या प्रश्नाची दोन जुनी उत्तरं आहेत. व्यसनमुक्तीवरच्या आपल्या बोलण्यात त्यांना हवी तेवढी जागा मिळत नाही, असं मला वाटतं.

पहिलं उत्तर देहूचं. तुकोबांचं गाव इथून हाकेच्या अंतरावर. दरवर्षी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी देहूतून निघते आणि या पट्ट्यातून आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. मावळातल्या कितीतरी घरांत दारू सुटल्याची गोष्ट ‘माळ घातली’ या दोन शब्दांत सांगितली जाते. तुळशीची माळ गळ्यात आली की मांस-मद्य वर्ज्य, एकादशीचा उपास आणि पंढरीची वारी. पण हीच माळ खुंटीला टांगून पिणारेही गावोगाव आहेत. एकच माळ एकाला तारते आणि दुसऱ्याला का तारत नाही?

हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी बोस्टनमधल्या गरीब कामगार वस्तीतल्या शेकडो पुरुषांच्या कित्येक दशकांच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९८३ मध्ये दारूच्या व्यसनाच्या नैसर्गिक वाटचालीवर पुस्तक लिहिलं. ज्यांची दारू टिकून सुटली, त्यांच्या आयुष्यात चार गोष्टींपैकी काही ना काही आलेलं दिसलं. प्यायल्याचा परिणाम लगेच जाणवून देणारी एखादी देखरेख. दारूच्या जागी दुसरी एखादी ओढ. जुन्या दुखावल्या नात्यांचं ओझं नसलेली नवी नाती. आणि उमेद देणारा समूह.

हे वाचताना मला माळकरी दिसला. गळ्यातली माळ म्हणजे चोवीस तासांची देखरेख. गुत्त्याच्या दारात तिच्याकडे आधी दहा लोकांचं लक्ष जातं. भजनाची ओढ लागते, टाळ धरायला हात लागतो, आणि थरथरणाऱ्या हाताला धरायला काहीतरी मिळणं ही लहान गोष्ट नव्हे. दिंडीतली माणसं त्याला ‘माऊली’ म्हणून हाक मारतात. त्याने काल काय तमाशा केला होता हे त्यांना ठाऊक नसतं. आणि हरिपाठाची वेळ बघा: संध्याकाळ. बरोबर तीच, जेव्हा तो बसायचा. ज्याने माळेबरोबर हे सगळं घेतलं, त्याची संध्याकाळ भरली. ज्याने भावकीच्या दडपणाखाली फक्त दोरा गळ्यात अडकवला आणि संध्याकाळ रिकामी ठेवली, त्याची माळ एक दिवस खुंटीवर गेली.

दुसरं उत्तर खुद्द देहूरोडचं. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. पंचशीलातलं पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांमध्येही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मला इथे एक बारकावा मोलाचा वाटतो. पंचशील एकदा घेऊन संपत नाही. वंदनेला बसलं की ते पुन्हा म्हटलं जातं. एका शपथेत जन्माचा निकाल लागत नाही, हे ज्याला उमगलं त्यानेच अशी रीत घातली असेल.

अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली एक शेअरदलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. तिथेही हेच सूत्र: जन्मभराची शपथ नाही, फक्त आजचा दिवस. आपल्याकडच्या शहरांत या सभा एखाद्या शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या खोलीत भरतात. लाकडी बाक, स्टीलच्या पेल्यातला चहा. एक जण उठतो, आपलं पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो, आणि समोरचे सगळे त्याला नमस्कार करतात. कुणी उपदेश करत नाही. प्रत्येक जण स्वतःचंच सांगतो. फी नाही, हजेरीपट नाही. पुराव्यांचं म्हणाल तर २०२० साली २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासणारा आढावा निघाला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीवर नेणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या बरोबरीने किंवा सरस ठरले. देवाचं नाव नको असणाऱ्यांना तिथे अवघडतं, तेही खरं आहे.

पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये दिले, त्यातून ते उभं राहिलं. अनिताताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९९७ मध्ये त्या गेल्या, २०२२ मध्ये अवचट गेले. काम मुक्ता पुणतांबेकर पुढे नेत आहेत. पस्तीस दिवसांचा मुक्काम, पहाटेपासून रात्रीपर्यंत आखलेला दिवस, स्वतःची कामं स्वतः करणं, आणि समुपदेशकांमध्ये कित्येक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. अवचट कागदाची ओरिगामी करायचे, लाकूड कोरायचे, बासरी वाजवायचे, आणि हे सगळं त्यांनी तिथेही नेलं. वरवर पाहता वाटेल, व्यसनी माणसाला कागदाचे पक्षी कशाला? पण रिकाम्या संध्याकाळी हातांना काम लागतं. व्यसनमुक्तीची वर्षं तिथे वाढदिवसासारखी साजरी होतात, कुटुंबासह. टाळ्या पडतात तेव्हा त्या माणसापेक्षा त्याच्या मुलीचा चेहरा बघावा.

उपचार घेऊन घरी परतल्यावरचे पहिले काही महिने नाजूक असतात. झोप नीट लागत नाही, चिडचिड होते, गोड खावंसं वाटतं. ओढ उठते तेव्हा ती कधीच संपणार नाही असं वाटतं, पण बहुधा वीस-तीस मिनिटांत ती ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो. पोट रिकामं असलं, डोकं तापलेलं असलं, एकटेपणा असला किंवा अंग थकलेलं असलं की ती जास्त जोर करते. साडेतीनच्या बसमधून उतरणाऱ्या माणसात यातल्या दोन-तीन गोष्टी रोजच असतात. म्हणून बसमध्येच काहीतरी खाऊन घेणं, एक थांबा आधी किंवा पुढे उतरणं, पगाराच्या दिवशी बायकोला किंवा भावाला थांब्यावर यायला सांगणं, असे साधे उपाय फार कामाचे ठरतात. सेकंड शिफ्ट आणि नाईटवाल्यांना हेच उलट्या घड्याळाने जमवावं लागतं आणि ते अधिक कठीण आहे.

आणि पाय घसरतो. दारू किंवा इतर व्यसनांवर उपचार घेतलेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोक पुन्हा वापराकडे वळतात. रक्तदाब आणि दम्याचे रोगी उपचार सोडून पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाणही याच्या आसपास आहे. दम्याच्या रोग्याला दुसऱ्यांदा धाप लागली तर त्याला कुणी बेशरम म्हणत नाही. दारूच्या रोग्याला मात्र एका घोटानंतर ‘बेवडा तो बेवडाच’ ऐकावं लागतं, तोही ते खरं मानतो आणि एका घोटाची बाटली होते. घसरल्यावर परत उभा राहिलेला माणूस हरलेला नसतो. व्हेलंट यांना दिसलं, की पाच वर्षं दारूशिवाय काढलेल्यांपैकी फारच थोडे पुन्हा वळले.

घरातल्या बाईबद्दल दोन शब्द. कंपनीत ‘ताप आलाय’ असा खोटा फोन करणं, उधारी भागवणं, पोरांसमोर झाकपाक करणं, हे ती संसार वाचवायला करते आणि आजार त्याच आडोशाला वाढतो. तिचा दोष नाही. तिला कुणी दुसरं शिकवलेलं नसतं. अशा कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन नावाचे गट १९५१ पासून चालतात, मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. नवरा यायला तयार नसला तरी तिने एकटीने जावं. तिलाही बरं व्हायचं असतं.

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात दारूमुळे मदतीची गरज असलेले ५.७ कोटी लोक आढळले. दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच कसले का होईना उपचार मिळाले होते. म्हणजे बाकीचे ३७ जण अजून थांब्यावरच आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा सरकारी फोन नंबर मोफत आहे. देहूरोडला लोकल पकडली की पुणे स्टेशनला उतरून ससूनच्या मानसोपचार विभागात चालत जाता येतं. आणि तुमच्या गल्लीत कुणी नुकतीच सोडली असेल, तर ‘सोडली का रे खरंच?’ असं विचारू नका. साडेतीननंतर त्याला घरी चहाला बोलवा.